विषय, माहितीदार आणि निर्माता : जुन्नर-आंबेगावच्या आदिवासींची माध्यमनिर्मिती आणि सार्वजनिक चर्चा

एखाद्या समाजाविषयी पुष्कळ लिहिले गेले म्हणजे तो समाज सार्वजनिक चर्चेत सहभागी झाला, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो तपासून घेण्याची गरज आहे. लिखित वा मुद्रित व्यवहारात समाजाची उपस्थिती तीन प्रकारची असू शकते. पहिल्या प्रकारात तो समाज लेखनाचा केवळ विषय असतो. लिहिणारा, छापणारा आणि वाचणारा असे तिघेही बाहेरचे असतात. दुसऱ्या प्रकारात तो माहितीदार होतो. त्याला प्रश्न विचारले जातात, त्याची उत्तरे टिपली जातात, परंतु कोणते प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचा अर्थ कसा लावायचा हे दुसराच ठरवतो. तिसऱ्या प्रकारात तो निर्माता असतो. मजकुराची निवड, संपादन, नामकरण, वितरण आणि प्रतिवाद ही सर्व सूत्रे त्याच्या हाती असतात. ‘माध्यमनिर्मिती’ ही संज्ञा प्रस्तुत लेखात या तिसऱ्या अर्थाने योजली आहे. नियतकालिक, ग्रंथ, संमेलन, निवेदन आणि ग्रामसभेचा ठराव या सर्वांचा तीत समावेश होतो.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचा आदिवासी पट्टा होय. महादेव कोळी, ठाकर व कातकरी या जमाती तेथे राहतात. त्यांपैकी महादेव कोळी संख्येने अधिक आहेत. या पट्ट्याच्या निमित्ताने वरील तीन अवस्थांचा प्रवास स्पष्ट करणे आणि या प्रवासात प्रत्यक्षात काय पणाला लागते ते दाखविणे, हा या विवेचनाचा हेतू आहे.

१. एक दूरचा दाखला

मूलनिवासी समाज आणि मुद्रणमाध्यम यांच्या संबंधाचा विचार करताना न्यूझीलंडमधील माओरी समाजाचा इतिहास उद्बोधक ठरतो. तेथे १८४२ पासून सरकारनेच माओरी भाषेत वृत्तपत्र काढावयास प्रारंभ केला होता. म्हणजे माओरींच्या भाषेतील पत्र आधी आले आणि माओरींचे पत्र मागाहून आले. भाषा त्यांची, परंतु संपादन राज्यकर्त्यांचे, असा तो प्रकार होता. १८५९ मध्ये ‘नोव्हारा’ या ऑस्ट्रियन जहाजातून दोन माओरी व्हिएन्नास गेले. तेथील राजकीय मुद्रणालयात त्यांनी छपाईचे काम शिकून घेतले आणि परतताना त्यांना एक छापखाना भेट मिळाला. वायकाटो प्रदेशातील माओरी राजाच्या चळवळीने त्याच छापखान्यावर १८६०च्या दशकाच्या प्रारंभी ‘ते होकिओई’ हे पत्र छापले. त्याला उत्तर म्हणून सरकारच्या वतीने जॉन गॉर्स्ट यांनी १८६३ मध्ये ‘ते पिहोइहोइ मोकेमोके’ हे पत्र काढले, तेव्हा माओरींनी त्याचा छापखानाच ताब्यात घेतला. त्याच वर्षी वायकाटोवर लष्करी स्वारी झाली.

या घटनाक्रमातून एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या भाषेत आपल्याविषयी कोणीतरी छापणे आणि आपण छापणे यांतील अंतर त्या समाजाला पुरेपूर उमगले होते. पुढे १९८७ मध्ये माओरी भाषेला कायद्याने राजभाषेचा दर्जा मिळाला आणि २००४ मध्ये माओरी दूरचित्रवाणी सुरू झाली. किनारा व सागरतळ यांच्या मालकीवरून तेथे मोठा सार्वजनिक वाद झाला, तोही याच वर्षी. हक्काचा प्रश्न आणि माध्यमाचा प्रश्न तेथे असे वारंवार हातात हात घालून आलेले दिसतात.

हा दाखला जसाच्या तसा आपल्याकडे लागू करता येणार नाही. माओरींची भाषा राज्यकर्त्यांच्या भाषेहून सर्वस्वी वेगळी होती. महादेव कोळ्यांची बोली मात्र मराठीच्याच परिवारातील आहे. त्यामुळे येथील आदिवासी लेखकाला वेगळी भाषा हे आपल्या वेगळेपणाचे सहज प्रमाण म्हणून पुढे करता येत नाही. ज्या भाषेत त्याच्याविषयी लिहिले गेले, त्याच भाषेत राहून त्याला ते लेखन तपासावे लागते आणि खोडावेही लागते. येथील प्रश्नाचे वाङ्मयीन वैशिष्ट्य या ठिकाणी आहे.

२. जुन्नरमधील पूर्वपीठिका : ओतूर आणि ‘दीनबंधु’

समाजाच्या स्वतःच्या माध्यमाचा प्रश्न जुन्नर तालुक्याला नवा नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि तिचे पडसाद या तालुक्यात लवकरच उमटले. ओतूरचे भाऊ कोंडाजी डुंबरे पाटील हे या समाजाचे कार्यकर्ते होते. ओतूरच्याच बाळाजी कुसाजी पाटील यांनी ग्रामजोशाला न बोलावता घरचे विवाहविधी उरकले, तेव्हा ग्रामजोशांनी आपल्या वतनी हक्कासाठी दावा गुदरला. हा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९०च्या न्यायनिवाड्यांच्या संग्रहात त्याची नोंद झाली. ज्याची सेवा घेतलीच नाही, त्याला दक्षिणा देण्याचे बंधन कितपत, हा प्रश्न पुढेही धुमसत राहिला. अखेर सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये मुंबई कायदेमंडळाने यासंबंधीचा कायदा केला.

एका गावातील लग्नाचा तंटा अर्धशतकानंतर कायद्याचा विषय होतो, तो आपोआप होत नाही. स्थानिक तंट्याला व्यापक प्रश्नाचे रूप देणारी यंत्रणा त्यासाठी लागते. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे अशा यंत्रणेचे आरंभीचे रूप होते. आर्थिक अडचणींमुळे ते पुण्यात टिकले नाही. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत पुन्हा चालू केले. शेतकरी, कारागीर आणि गिरणीकामगार यांची गाऱ्हाणी एकाच पानावर येऊ लागली आणि ती परस्परांशी जोडलेली आहेत हे वाचकाला दिसू लागले.

तथापि, स्वतःचे माध्यम मिळाले म्हणजे सर्व काही छापता येते असे नाही, हेही याच पत्राच्या इतिहासावरून कळते. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे आरंभीचे भाग ‘दीनबंधु’ने प्रसिद्ध केले, परंतु पुढील भाग छापण्याचे थांबविले. फुले यांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. समाजाच्या स्वतःच्या माध्यमातही संपादकाची भीती, सरकारची मर्जी आणि वर्गणीदारांची आवड यांचे दडपण असते. अशा माध्यमाचे मूल्यमापन करताना त्याच्या अस्तित्वाबरोबर त्याने काय गाळले याचाही हिशेब मांडावा लागतो.

येथे एक भौगोलिक वस्तुस्थिती नोंदविली पाहिजे. ‘दीनबंधु’चा जुन्नरशी आलेला संबंध मुख्यतः पूर्वेकडील बागायती व बाजारपेठेच्या गावांशी होता. त्याच तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरकपारीत राहणाऱ्या महादेव कोळ्यांच्या हाती स्वतःचे नियतकालिक येण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या काळात त्यांच्याविषयी लिहिले जातच होते. ते कोणी आणि कसे लिहिले, हे पाहणे आवश्यक आहे.

३. विषय म्हणून आदिवासी

महादेव कोळ्यांविषयीचे पहिले विस्तृत लेखन कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या लष्करी अधिकाऱ्याने १८३०च्या दशकात केले. डोंगरी मुलखातील बंडे मोडून काढण्याच्या कामाशी त्याचा संबंध होता. त्यामुळे त्याचे निरीक्षण तपशीलवार असले, तरी त्याची दृष्टी बंदोबस्ताची होती. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने हीच परंपरा पुढे चालविली. जमातीची कुळे, दैवते, लग्नविधी आणि बंडे यांची माहिती त्यात एकत्र येते. प्रशासकाला राज्य चालविताना जे ठाऊक असावे, ते त्यात आहे.

आंबेगावच्या जांभोरी गावच्या होनाजी केंगले यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सरकारी कागदांत त्यांचा उल्लेख ‘होन्या’ असा येतो. १८७३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या टोळीने सावकारांना लक्ष्य केले. काही सावकारांची नाके कापण्यात आली. १८७६ मध्ये मेजर डॅनियल यांच्या पोलीस तुकडीने त्यांना पकडले. याच सुमारास, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्धच्या शेतकरी उठावाला प्रारंभ झाला होता. दोन्हीकडे रोष कर्जरोख्यांवरच होता. परंतु मैदानी प्रदेशातील घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने इतिहासात गेली. तिच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदाही झाला. डोंगरातील घटनेची नोंद मात्र प्रामुख्याने दरोडेखोरीच्या सदरात झाली. एका तक्रारीला चौकशी आयोग मिळतो आणि दुसरीला पोलीस तुकडी मिळते, या फरकाची कारणे अनेक असतील. त्या तक्रारीला लिहिते तोंड नव्हते, हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण मानावे लागते. ‘होन्या’ आणि ‘होनाजी’ या दोन नामरूपांत हे सारे अंतर सामावलेले आहे. मराठीत अनादराचा प्रत्यय एका अक्षराने लागतो, आणि तो लावण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडे असतो.

विसाव्या शतकात प्रशासकाची जागा समाजशास्त्रज्ञाने घेतली. गो. स. घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे जमात ‘विषय’ राहून ‘माहितीदार’ही झाली, तिला प्रश्न विचारले गेले. पण आदिवासींकडे पाहण्याची घुर्ये यांची भूमिका आधीच ठरलेली होती. आदिवासी म्हणजे हिंदू समाजातील मागासलेले घटक, असे प्रतिपादन त्यांनी १९४०च्या दशकातच केले होते. या भूमिकेशी कोणी सहमत होवो वा न होवो, तिच्या सिद्धीसाठी जी माहिती वापरली गेली ती देणाऱ्यांना तिच्यावर उत्तर देण्याची जागा नव्हती, ही गोष्ट नाकारता येत नाही.

४. माहितीदाराकडून निर्मात्याकडे : गोविंद गारे

हे उत्तर देणारी पहिली महत्त्वाची लेखणी जुन्नर तालुक्यातूनच आली. डॉ. गोविंद गारे यांचा जन्म १९३९ मध्ये निमगिरी येथे झाला. महादेव कोळी जमातीत जन्मलेल्या गारे यांनी प्रशासकीय सेवेत दीर्घ काळ काम केले आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालकपदही भूषविले. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हा त्यांचा ग्रंथ मॅकिंटॉश, गॅझेटियर आणि घुर्ये या परंपरेच्या पार्श्वभूमीवर वाचला असता त्याचे महत्त्व कळते. विषय तोच आहे; लिहिणाऱ्याचे स्थान बदलले आहे.

या बदलाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. जमातीत जन्मलेला लेखक लिहितो म्हणून त्याचे लेखन आपोआप अधिक खरे ठरत नाही. गारे यांनीही कुळे, दैवते, विधी, सण हीच प्रकरणरचना बऱ्याच अंशी स्वीकारली. ती त्या काळच्या मानववंशशास्त्रीय लेखनाची रूढ चौकट होती. बदलला तो वाचक. गॅझेटियर अधिकाऱ्यासाठी होते, घुर्ये यांचा ग्रंथ इंग्रजी जाणणाऱ्या अभ्यासकांसाठी होता, तर गारे यांचे लेखन मराठीत असल्याने आश्रमशाळेतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीच्या हाती ते जाऊ शकले. वर्ण्य समाज आणि वाचक समाज यांची गाठ येथे प्रथमच पडली. त्यामुळे चुकीची नोंद दिसल्यास ‘आमच्याकडे असे नाही’ असे म्हणणारा वाचक अस्तित्वात आला. सार्वजनिक चर्चेचा आरंभ या वाक्यापासून होतो.

गारे यांच्या संपादनाशी निगडित असलेल्या ‘हाकारा’ या नियतकालिकाचे नावही विचारात घेण्याजोगे आहे. रानात सावज उठवण्यासाठी केलेला आरडाओरडा, असा ‘हाकारा’ या शब्दाचा रूढ अर्थ आहे. शिकारीत हाकारा घालणारा बहुधा आदिवासी असे आणि बंदूक दुसऱ्याच्या हाती असे. दुसऱ्यासाठी ओरडण्याचे हे काम नियतकालिकाच्या नावात येताच स्वतःसाठी घातलेली साद बनते. डॉ. संजय लोहकरे संपादित करीत असलेल्या ‘फडकी’ या मासिकाचे नाव आदिवासी स्त्रियांच्या अंगावरील वस्त्रावरून आले आहे. ही दोन्ही नावे प्रमाण मराठीतील ‘ज्योती’, ‘प्रबोधन’, ‘जागृती’ या नामपरंपरेपासून दूर जातात. कोशातील शब्द न घेता अंगावरचा आणि तोंडातला शब्द घेणे, ही एक भाषिक भूमिका आहे.

१९७९ मध्ये भद्रावती येथे भरलेल्या संमेलनापासून आदिवासी साहित्य संमेलनांची परंपरा सुरू झाली. १९९० मध्ये पालघर येथील संमेलनाचे अध्यक्षपद वाहरू सोनवणे यांनी भूषविले. साहित्याची व्याख्या मुद्रित ग्रंथापुरती ठेवली, तर आदिवासींचे गाणे, कथन आणि नृत्य साहित्याबाहेर राहते, हा या संमेलनांतून पुढे आलेला आक्षेप मराठी समीक्षेला आजही पुरेसा पचलेला नाही. नियतकालिक आणि संमेलन यांनी मिळून एक गोष्ट साधली. विदर्भातील गोंड, खानदेशातील भिल्ल, ठाण्यातील वारली आणि सह्याद्रीतील महादेव कोळी यांना परस्परांचे वाचक बनविले.

५. ग्रंथ जेव्हा पुरावा होतो

या माध्यमनिर्मितीची खरी कसोटी ‘खरे आदिवासी आणि खोटे आदिवासी’ या वादात लागली. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कोळी महादेव, डोंगर कोळी’ अशी नोंद आहे. अनेक जमातींच्या मान्यतेवर पूर्वी प्रादेशिक मर्यादा होत्या. १९७६च्या दुरुस्ती कायद्याने त्या दूर केल्या. डोंगरी गावात राहणाऱ्या व शिक्षणाला मुकलेल्या आदिवासीसाठी यातून राज्यभर मान्यतेची सोय झाली. परंतु नामसादृश्याचा आधार घेऊन राखीव जागांवर दावा करण्याची वाटही रुंदावली. कोळी हे नाव धारण करणारे समाज अनेक आहेत आणि त्यांपैकी काही इतर मागास वर्गात मोडतात. त्यामुळे या वादाची सर्वाधिक झळ महादेव कोळ्यांना पोहोचली.

१९९४ मध्ये महादेव कोळी असल्याच्या एका दाव्यासंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने जात-जमात पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. दावेदाराची दैवते, रूढी, विवाहपद्धती, अंत्यविधी इत्यादींची दक्षता पथकाने चौकशी करावी, असे तीत सांगितले होते. पुढे महाराष्ट्राने २००० साली जात प्रमाणपत्रांविषयीचा स्वतंत्र कायदा केला. तो २००१ पासून अंमलात आला. खोट्या प्रमाणपत्रावर मिळविलेले लाभ टिकवून ठेवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. तर मार्च २०२३ मध्ये, ठाकूर जमातीसंबंधीच्या प्रकरणात, सांस्कृतिक साधर्म्याची चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, असे त्याच न्यायालयाने सांगितले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या घटनाक्रमाकडे लक्ष देण्याचे कारण असे की येथे वर्णनपर लेखनाचा दर्जाच बदलतो. जमातीचे कुलदैवत कोणते, लग्नात कोणता विधी प्रथम होतो, मृताचे दफन होते की दहन, ही माहिती ग्रंथात असते तोवर ती ज्ञान असते. पडताळणी समितीसमोर ती पुरावा होते. तेथून एक पेच उद्भवतो. आदिवासी लेखकाने आपल्या समाजाचे सविस्तर, अचूक वर्णन छापले, की ते वर्णन कोणीही पाठ करू शकतो. ज्याने ती संस्कृती जगलेली नाही तोही ग्रंथ वाचून प्रश्नांची बिनचूक उत्तरे देईल. उलट पुण्या-मुंबईच्या वस्तीत वाढलेल्या खऱ्या आदिवासी मुलीला आजीच्या काळातील विधी सांगता येणार नाहीत आणि ती अनुत्तीर्ण ठरेल. स्वतःची ओळख जपण्यासाठी लिहिलेला ग्रंथ अशा रीतीने दुधारी शस्त्र बनतो.

या पेचातून दोन निष्कर्ष निघतात. एक, संस्कृतीला प्रश्नावलीचे रूप देणारी दृष्टी मूळची गॅझेटियरची आहे. आदिवासी लेखक जेव्हा तीच प्रकरणरचना स्वीकारतो, तेव्हा नकळत तो याच दृष्टीला बळ देतो. दोन, वर्णनपर ग्रंथ जेथे पाठ करता येतो, तेथे नियतकालिकातील चालू वादविवाद पाठ करता येत नाही. कोणत्या गावाला रस्ता नाही, वनखात्याने कोणाची गुरे अडवली, कोणती आश्रमशाळा बंद पडली, याविषयी वर्षानुवर्षे लिहीत आणि भांडत आलेल्या समाजाची ओळख त्या लेखनाच्या सातत्यातून सिद्ध होते. ‘हाकारा’ वा ‘फडकी’ यांसारख्या नियतकालिकांचे महत्त्व त्यामुळे ग्रंथांहून कमी मानता येत नाही. न्यायालयीन निवाड्यात त्यांचा उल्लेख येवो वा न येवो, निवाड्याला जन्म देणारी लोकभावना घडविण्यात आणि व्यक्त करण्यात अशा लेखनाचा वाटा असतो.

६. ‘पडकई’ या शब्दाचा प्रवास

सार्वजनिक चर्चेत समाजाचा आवाज असणे वा नसणे याने काय फरक पडतो, हे दाखविणारे दुसरे उदाहरण आंबेगाव तालुक्यातील आहे. घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव आहे. जलाशयाला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावच्या हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव देण्यात आले. धरणाचे पाणी मुख्यतः पूर्वेकडील शेतीला मिळाले. भात पिकविणारी आदिवासींची खाचरे बुडाली. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाल्याने वरच्या जंगलाच्या वापरावरही बंधने आली. खाली पाणी आणि वर अभयारण्य, अशा कोंडीत या गावांना डोंगरउतारावर नवी खाचरे पाडावी लागली.

या कामाचे पारंपरिक नाव ‘पडकई’. काही कुटुंबांनी एकत्र येऊन, शेतीचे काम नसलेल्या दिवसांत, आळीपाळीने एकमेकांच्या उतारावरील जमिनीत दगडी बांध घालून खाचरे तयार करावयाची, अशी ही रीत आहे. म्हणजे ‘पडकई’ हे तंत्राचे आणि सहकार्याच्या नात्याचेही नाव आहे. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ या संस्थेने आदिवासींसोबत काम करताना हा शब्द उचलून धरला आणि पडकईच्या कामाला रोजगाराच्या शासकीय योजनांत स्थान मिळावे यासाठी प्रयत्न केले. या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. आदिवासी बोलीतील शब्द शासकीय कागदावर आणि तेथून आंतरराष्ट्रीय अहवालात गेला, तो गावाने दिलेल्या अर्थासह गेला, हे विशेष होय.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव दिसेनासे झाल्याची वार्ता बाहेर पोहोचली ती एस.टी. बसच्या चालकामुळे. या भीषण आपत्तीनंतर कारणांची चर्चा सुरू झाली. अतिवृष्टी, मातीची रचना, वृक्षतोड ही कारणे सांगितली गेली. त्याबरोबर यंत्राने केलेल्या उतारांच्या सपाटीकरणाकडेही बोट दाखविले गेले. या चर्चेच्या ओघात ‘पडकई’ हा शब्द राज्यभरच्या वाचकांना प्रथमच परिचित झाला, परंतु आपत्तीचे एक संभाव्य कारण म्हणून. हाताने, आळीपाळीने, दगडी बांध घालून केलेले काम आणि यंत्राने उतार खणून केलेले काम या दोहोंना एकच नाव चिकटले. माळीणच्या दुर्घटनेत कोणत्या घटकाचा किती वाटा होता हा भूवैज्ञानिकांचा विषय आहे. भाषेच्या अभ्यासकाने नोंदवावयाचे ते असे की, ज्या समाजाचा तो शब्द होता त्याला आपल्या शब्दाचा अर्थ सांगण्याइतकी जागा त्या घाईच्या दिवसांत फारशी मिळाली नाही. अर्थ बदलला तो वृत्ताच्या मथळ्यात. पुनर्वसित गावातील घरे २०१७ मध्ये ग्रामस्थांच्या हाती आली. शब्दाच्या पुनर्वसनाला अधिक काळ लागेल.

पश्चिम घाटाविषयीची चर्चाही याच प्रकारची आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये दिलेल्या अहवालात ग्रामसभांच्या मताला मोठे स्थान दिले होते. परंतु मूळ अहवाल इंग्रजीत होता, आणि ज्यांच्या गावांविषयी तो होता त्यांतील बहुतेकांपर्यंत त्याच्याविषयीचा प्रचार आधी पोहोचला. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काचा दावा करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. त्या दाव्यात जंगलाच्या सीमा, पाणवठे, देवस्थाने, वापराच्या रीती यांचे गावाने स्वतः लेखन करावयाचे असते. या अर्थाने ग्रामसभेचा ठराव हेही आदिवासी गद्याचे एक नवे रूप आहे. त्यातील स्थलनामे, वनस्पतिनामे आणि कथने ही वाङ्मयाच्या अभ्यासकाला आजवर न मिळालेली सामग्री आहे.

७. मर्यादा आणि अपेक्षा

वरील विवेचनावरून समाजाच्या हाती माध्यम आले की प्रश्न सुटतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ‘दीनबंधु’ने फुल्यांचे लेखन अर्ध्यावर थांबविले, त्याचप्रमाणे आदिवासी नियतकालिकांतही कोणाचा आवाज येतो आणि कोणाचा राहून जातो, हे विचारावे लागेल. महादेव कोळ्यांत शिक्षणाचा प्रसार तुलनेने लवकर झाला. त्यांच्याच शेजारी राहणारे कातकरी आजही बहुधा ‘विषय’ या पहिल्या अवस्थेतच आहेत. स्त्रियांचे लेखनही त्या मानाने उशिरा आले. शिवाय वर्गणी आणि टपाल यांवर चालणाऱ्या छोट्या नियतकालिकाचे आयुष्य संपादकाच्या चिकाटीवर अवलंबून असते. संपादक थकला की अंक थांबतो.

महाविद्यालयीन अध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांच्या दृष्टीने या विषयातून काही निश्चित कामे पुढे येतात. आदिवासी नियतकालिकांचे अंक मिळवून त्यांची वर्णनात्मक सूची करणे हे पहिले काम होय. ग्रंथाला ग्रंथालयात जागा मिळते, परंतु अंक रद्दीत जातात आणि वादविवादाचा इतिहास त्यांच्याबरोबर नाहीसा होतो. दुसरे काम तुलनात्मक वाचनाचे. मॅकिंटॉश, गॅझेटियर, घुर्ये आणि गारे यांनी एकाच विधीचे वा एकाच घटनेचे केलेले वर्णन शेजारी ठेवून वाचले, तर वर्णनातील स्थानभेद विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल. तिसरे काम शब्दांच्या नोंदींचे. ‘पडकई’सारख्या शब्दाचा अर्थ गावात, शासकीय कागदात आणि वृत्तपत्रात कसा बदलत गेला, याची कालक्रमानुसार नोंद हा लहान, पण महत्त्वाचा संशोधनविषय होऊ शकतो. जुन्नर, घोडेगाव, मंचर, नारायणगाव या परिसरातील महाविद्यालयांत या पट्ट्यातील विद्यार्थी शिकतात. ही कामे त्यांच्याकडून माहितीदार म्हणून करून घ्यावयाची की संशोधक म्हणून त्यांच्या नावे व्हावयाची, याचा निर्णय विभागांनी आरंभीच घ्यावा. निमगिरीच्या एका विद्यार्थ्याने तो निर्णय स्वतःपुरता घेतला, म्हणून महादेव कोळ्यांविषयीच्या ग्रंथांच्या यादीत त्यांच्यातीलच एका लेखकाचे नाव आज वाचावयास मिळते.